खाड्याची भरपाई

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आम्हांला आले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. माजी विद्यार्थी अशा प्रसंगी गुरुजनांविषयी लिहितात, किंवा आपण कोठून कोठे आलो ते सांगतात. आम्ही मात्र एका खेळाविषयी लिहिणार आहोत. आणि तोही असा, की आपणांपैकी बहुतेकांनी तो पाहिला नसेल. रग्बी लीग हे त्याचे नाव. इंग्लंडच्या उत्तरेकडील गिरण्यांच्या आणि कोळशाच्या खाणींच्या गावांतला हा खेळ. गेली सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षे आम्ही त्याचे प्रेक्षक आहोत. स्वतः कधी खेळलो नाही. तरीही आपल्या शाळेचा आणि त्या खेळाचा आमच्या मनात जो संबंध जुळला आहे, तो वाचकांपुढे ठेवण्याची इच्छा आहे.

आम्ही १९५८ साली आठवीत दाखल झालो. वडील आम्हांला सोडायला पायी आले होते. त्या दिवसाचा त्यांचा खाडा झाला, हे परतताना ते गुरुजींना सहज बोलून गेले. तक्रार म्हणून नव्हे. मजुराच्या तोंडी हिशेब असतोच. आम्ही घरी होतो तेव्हा दुसऱ्याची गुरे राखून चार पैसे आणत होतो. तेही आता बंद होणार होते.

गावात आम्ही हुतूतू पाहिला होता, पण लांबून. गाव शिवाशिव पाळणारे, आणि हुतूतू तर शिवण्याचाच खेळ. त्यामुळे त्या मैदानात आम्हांला जागा असणे शक्यच नव्हते. वसतिगृहाच्या मागच्या पटांगणात पहिल्याच आठवड्यात एका धनगराच्या पोराने आमचा घोटा धरून आम्हांला असे आपटले, की कोपर सोलवटले. रात्री ते झोंबत होते आणि आम्ही अंथरुणात हसत होतो. त्याने आम्हांला धरले होते, आणि धरताना क्षणभरही विचार केला नव्हता, एवढेच त्या वयात कळले होते.

मॅट्रिकनंतर कापड-तंत्राची पदविका घेऊन १९६७ च्या शरद ऋतूत आम्ही कामाचे व्हाउचर घेऊन यॉर्कशरमधील हडर्सफील्ड या गावी उतरलो. लोकरीच्या गिरण्यांचे हे गाव. स्थानकाबाहेर पडलो, तो समोर मोठा चौक आणि त्याच्या कडेला जॉर्ज हॉटेल. पिशव्या सांभाळत आम्ही त्याच्यासमोरून गेलो. पण त्या इमारतीत काय घडले होते, याची आम्हांला कल्पना नव्हती. ती दिली आमच्या खात्यातल्या एका वयस्क जॉबरने. पहिल्याच महिन्यात एका शनिवारी तो आम्हांला फारटाउनच्या मैदानावर घेऊन गेला, आणि पावसात उभ्याउभ्या त्याने सामना व इतिहास दोन्ही एकदमच सांगितले.

खेळ समजायला अवघड नाही. दोन्हीकडे तेरा-तेरा गडी. चेंडू हातात घेऊन पुढे धावायचे. पण दुसऱ्याकडे टाकायचा तो मात्र मागेच. प्रतिपक्षाने पकडून खाली पाडले, की उठून चेंडू टाचेने मागे सरकवायचा आणि पुन्हा चाल करायची. आम्ही गेलो तेव्हा अशा चार पकडींची मुभा असे; हा नियम १९६६ साली आला होता, आणि आमचा जॉबर त्यावर कायम नाराज. १९७२ पासून त्या सहा झाल्या. रेषेपलीकडे चेंडू टेकवला की 'ट्राय'. त्याचे तेव्हा तीन गुण मिळत, १९८३ पासून चार मिळतात. पहिला टॅकल पाहिला आणि आम्ही मनात म्हटले, हा तर आमचाच हुतूतू. फक्त श्वास कोंडावा लागत नाही, आणि खाली चिखल आहे.

पण आम्हांला बांधून ठेवले ते त्याच्या जन्मकथेने. एकोणिसाव्या शतकात रग्बीची सूत्रे मुख्यतः सधन वर्गाच्या आणि खासगी शाळांत शिकलेल्या मंडळींच्या हाती होती. खेळासाठी पैसा घेणे हे त्यांच्या मते हीन होते. उत्तरेत मात्र खाणकामगार आणि गिरणीकामगार हा खेळ उत्तम खेळू लागले. त्यांना शनिवारीही काम असे. परगावी सामना असला, की पाळी बुडे आणि मजुरी कापली जाई. त्यांच्या क्लबांनी एवढेच मागितले, की बुडालेल्या मजुरीची भरपाई देऊ द्या. इंग्रजीत त्याला 'ब्रोकन टाइम' म्हणत. जॉबरने तो शब्द उच्चारला, तेव्हा आम्हांला कोशाची गरज पडली नाही. खाडा! वडिलांच्या तोंडून ऐकलेला तोच शब्द.

१८९३ साली लंडनच्या सभेत ही मागणी २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळण्यात आली. ज्याला खाडा परवडत नाही त्याने खेळू नये, असा त्या ठरावाचा सरळ अर्थ होता. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ रोजी, उत्तरेतल्या वीसहून अधिक क्लबांनी हडर्सफील्डच्या त्याच जॉर्ज हॉटेलात वेगळी संघटना स्थापन केली आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई मान्य केली. पुढे त्यांनी नियमही बदलले, पंधराचे तेरा गडी केले, आणि स्वतंत्र खेळ उभा राहिला. मूळ संघटनेने या लोकांना वाळीत टाकले. एकदा लीग खेळलेल्या माणसाला परत तिकडे प्रवेश नसे, आणि हे जवळजवळ शंभर वर्षे चालले. वाळीत टाकणे म्हणजे काय, हे आम्हांला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

१९६८ सालचे दोन प्रसंग आमच्या स्मरणात एकमेकांना चिकटून बसले आहेत. एप्रिलमध्ये एनॉक पॉवेल यांचे परदेशी रहिवाशांविरुद्धचे भाषण झाले. त्यानंतरच्या सोमवारी गिरणीत काही चेहरे बदललेले दिसले. कोणी काही बोलले नाही. जेवणाच्या सुट्टीत आमच्या बाकावरची जागा मात्र रिकामी राहिली. तीनच आठवड्यांनी वेम्बलीवर चॅलेंज कपाचा अंतिम सामना होता. जॉबरने आम्हांला तो दूरदर्शन संचावर पाहण्यासाठी घरी बोलावले आणि आपल्या शेजारी बसवले. मैदानावर पाण्याची तळी साचली होती. लीड्स ११, वेकफील्ड ७ अशी स्थिती असताना शेवटच्या मिनिटाला वेकफील्डने ट्राय केला. आता ११-१०. खांबांच्या अगदी समोरून एक सोपी लाथ, आणि कप त्यांचा. डॉन फॉक्स यांनी ती मारली आणि चुकली. ते ओल्या गवतावर गुडघे टेकून बसले. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्यांची निवड आधीच झालेली होती! त्या खोलीत लीड्सचा एकही चाहता नव्हता, वेकफील्डचाही नव्हता. तरी कोणी हसले नाही. जॉबरची बायको उठून चहा करायला गेली, ती डोळे पुशीत.

त्या दिवशी जिंकलेल्या लीड्सचे प्रशिक्षक होते रॉय फ्रान्सिस, वेल्समध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. पॉवेल यांचे भाषण ताजे असताना हे घडले, याची चर्चा कोणी केली नाही. या खेळाचा मोठेपणा आम्हांला त्या मौनात दिसला. पुढे १९७२ साली क्लाइव्ह सलिव्हन यांनी ग्रेट ब्रिटनचे नेतृत्व केले. ब्रिटनच्या कोणत्याही राष्ट्रीय संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय कर्णधार. फ्रान्समधील लियोंच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी जवळजवळ संपूर्ण मैदान धावून ट्राय केला. सामना १०-१० असा बरोबरीत सुटला आणि विश्वचषक आला. १९८५ साली अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. हल शहरात शिरणाऱ्या मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्या रस्त्याने आम्ही मुलांना मुद्दाम नेले आहे.

अशा वेळी आम्हांला आपले बाळू पालवणकर आठवत. १९११ साली भारतीय क्रिकेट संघाबरोबर ते याच इंग्लंडात आले आणि दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधी मिळाले नाही. ते पुढे त्यांचे बंधू विठ्ठल यांच्या वाट्याला आले. बाबासाहेबांना बाळूंविषयी तरुणपणी मोठा आदर होता. चेंडू हाती द्यायचा, पण सूत्रे द्यायची नाहीत, ही रीत आपल्याकडे जुनीच.

परंतु भक्तीने आंधळे व्हावे, हे आपल्या शाळेने आम्हांला शिकवले नाही. या खेळाचेही दोष आहेत. विगन क्लबसाठी ४७८ ट्राय करणारे बिली बॉस्टन १९५७ साली राष्ट्रीय संघात होते. तो संघ परतताना दक्षिण आफ्रिकेत सामने खेळायला गेला. तेथील वर्णभेदी राजवटीमुळे बॉस्टन यांना वगळले गेले आणि बाकीचे गेले. त्यांना 'सर' ही पदवी मिळाली ती २०२५ साली, नव्वदीत. तोवर या खेळातल्या एकाही खेळाडूला ती मिळालेली नव्हती. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. आमच्या लोकांविषयीही तेच. हडर्सफील्ड, ब्रॅडफर्ड, ड्यूसबरी या गावांत हजारो दक्षिण आशियाई कुटुंबे राहतात. पण प्रेक्षकांत आमच्यासारखे चेहरे फार थोडे. लीड्सचे इक्रम बट १९९५ साली इंग्लंडकडून खेळले, तेव्हा वाटले की आता दार उघडेल. ते किलकिलेच राहिले. एकदा परगावच्या मैदानावर एका माणसाने आमच्यावर अपशब्द फेकला. आमच्या बाजूच्या दोघांनी त्याला गप्प केले, हे खरे. पण तोवर सात वर्षांचा आमचा मुलगा ते ऐकून चुकला होता. त्यानंतर तो कधी आमच्याबरोबर सामन्याला आला नाही.

१९९५ साली उपग्रह वाहिनीचा पैसा आला. आठ कोटी सत्तर लाख पौंड. खेळ हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेला. वेकफील्ड, कॅसलफर्ड आणि फेदरस्टोन हे शेजारचे तीन क्लब एकत्र करून 'कॅल्डर' नावाचा एकच संघ करावा, असा घाट घातला गेला. खाणी बंद पडून या गावांना फार दिवस झाले नव्हते. फेदरस्टोन तर एवढेसे गाव; तरी १९८३ साली त्याने वेम्बलीवर हलला १४-१२ असे हरवले होते. लोक रस्त्यावर उतरले आणि ती योजना मोडून काढली. आमच्या मते तो या खेळाचा दुसरा जन्म होता. चिखल गेल्याचे दुःख आम्ही गिळले आहे. पण ज्या गावाने खेळ जगवला, त्या गावाचे नाव पुसण्याचा अधिकार कोणाला नाही.

सर्वांत अवघड गोष्ट शेवटी सांगतो. मुलगा दुरावला, पण मुलीच्या मुलाला आम्हीच या खेळात घातले. पंधराव्या वर्षी एका सामन्यात प्रतिपक्षाच्या गड्याचा खांदा त्याच्या डोक्याला लागला आणि तो गवतावर पडून राहिला. एक-दीड मिनिट असेल. आम्ही कडेला उभे होतो, आणि आजवरचे सारे इतिहासप्रेम त्या एवढ्या वेळात निरर्थक झाले. तो बरा झाला. महिन्याने आम्हीच विचारले, पुन्हा केव्हा खेळणार? त्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, तुमची आवड त्याच्या डोक्यापेक्षा मोठी नाही." आम्ही रागावलो. पुढे एकेका जुन्या खेळाडूला ऐन चाळिशी-पन्नाशीत स्मृतिभ्रंश झाल्याचे वाचू लागलो. त्यांतील अनेकांनी खेळाच्या चालकांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आहे. ते वाचून राग ओसरला. टॅकल खांद्याच्या खाली आणण्याचे नियम आता आले आहेत. खेळ बुळा झाला, असे आमच्या पिढीतले लोक म्हणतात. आम्ही तसे म्हणत नाही. पूर्वी मजुराचा एक दिवस जात होता, त्याची भरपाई सहा शिलिंगांत होत असे. उतारवयातली वर्षे गेली, तर ती कोण भरून देणार?

आणि तरीही हा खेळ आम्हांला सोडवत नाही. लीड्सचे रॉब बरो, उंचीने सर्वांत लहान गड्यांपैकी एक, मज्जातंतूंच्या असाध्य विकाराने २०२४ साली गेले. त्या आजारातल्या रुग्णांसाठी त्यांचे सहकारी केव्हिन सिनफील्ड २०२० च्या डिसेंबरात सात दिवसांत सात मॅरेथॉन धावले. २०२३ साली लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्यांनी मित्राला चाकाच्या खुर्चीतून ढकलत नेले आणि अंतिम रेषेपाशी हातांवर उचलून पलीकडे नेले. ते दृश्य आम्ही पत्नीसह पाहिले. त्या या खेळाला आयुष्यभर नावे ठेवत आल्या, त्या दिवशी म्हणाल्या, "हे मात्र खरे."

आता शाळेविषयी. जॉबरने ती कथा सांगितल्यानंतर आम्ही अनेक वर्षे असे समजत होतो, की आपण इंग्लंडातल्या कामगारांकडून काही नवे शिकलो. निवृत्तीनंतर लक्षात आले, की ते आम्हांला आधीच मिळाले होते. गरीब घरातला मुलगा शाळेत जातो तेव्हा त्या घराचा रोज खाडा होत असतो. वसतिगृहाने आम्हांला दोन वेळची भाकरी, दोन सदरे आणि कंदिलाचा उजेड दिला. ती दया नव्हती, खाड्याची भरपाई होती. ज्यांनी ती धान्य मागून आणि पायपीट करून उभी केली, ते जॉर्ज हॉटेलात जमलेल्या मंडळींचेच भाऊबंद.

आज शाळेच्या मुली कबड्डीत जिल्ह्यापर्यंत जातात, असे कळले. फार आनंद झाला. प्रवासखर्च शाळा देते. पण मुलीबरोबर जाणाऱ्या आईची त्या दिवसाची मजुरी कोण देते? माजी विद्यार्थ्यांनी एवढ्यापुरता एक छोटा निधी उभारावा, अशी आमची विनंती आहे. आमचा वाटा या लेखासोबत पाठवीत आहोत. त्या निधीला कोणाचेही नाव नको. हिशेबाच्या वहीत 'खाडा' एवढेच शीर्षक लिहावे.

जय भीम.