जूनअखेरची वही

वर्षाचे सहा महिने संपले की व्यापारी माणूस शिलकेचा अंदाज घेतो. गेली नऊ वर्षे जूनच्या अखेरीस मीही तसा एक अंदाज घेत आलो आहे. माझ्या वहीत सूत, बीम आणि कापडाचे मीटर यांचे आकडे नसतात. जानेवारीपासून जे नवे संगीत कानावर आले, त्यातले मला काय आवडले एवढेच तीत लिहिलेले असते. नवे म्हणजे त्याच सहा महिन्यांत प्रसिद्ध झालेले. हा नियम मी कटाक्षाने पाळतो. तो का पाळतो, हे सांगितल्यावाचून २०१६ च्या पहिल्या सहामाहीतली माझी आवड तुमच्यापुढे ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

इचलकरंजीत मी चोवीस वर्षे यंत्रमागांवर जॉबर होतो. तुम्ही मागाच्या शेडमध्ये कधी गेला नसाल, तर तिथल्या आवाजाची कल्पना देणे कठीण आहे. धोटा मिनिटाला शंभर-दीडशे वेळा या टोकाहून त्या टोकाला आपटतो, आणि एका छपराखाली असे कित्येक माग रात्रंदिवस चालू असतात. शंभर डेसिबलच्या आसपासच्या त्या आवाजात माणसे खुणांनी आणि एकमेकांचे ओठ पाहून बोलतात. कानात कापूस घालणाऱ्याला आमच्या वेळी हसत असत. गंमत अशी, की ज्या गावाचे नाव पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमुळे ग्वाल्हेर गायकीशी कायमचे जोडले गेले, त्याच गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग आला. गावाने नाव मिळवले गळ्यामुळे आणि पोट भरले धोट्यावर.

नऊ वर्षांपूर्वी मी शेड सोडून दिवाणजीच्या गादीवर बसलो. त्याच सुमारास कानाच्या डॉक्टरांनी मला एक आलेख काढून दिला. खालच्या सुरांपाशी त्यातली रेघ सरळ चालते आणि चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत पाय घसरावा तशी एकदम खाली जाते. आतल्या कानातल्या केसासारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्यामुळे मला माणसाचा आवाज येतो, शब्दाचा सांगाडाही येतो. पण स, श, त, थ यांच्या कडा झिजलेल्या असतात. कोणी ‘सात’ म्हणाले की ‘साथ’, हे मी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवतो.

आता नव्या संगीताचा हट्ट का, ते पाहा. २०१५ च्या नोव्हेंबरात ‘कट्यार काळजात घुसली’ हा चित्रपट आला. मूळ नाटक १९६७ चे, पंडित जितेंद्र अभिषेकींच्या संगीताचे. त्यातले वसंतराव देशपांडे यांचे गाणे माझ्या पिढीच्या अंगात मुरलेले आहे. चित्रपटात वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले, आणि थिएटरात बसून मला त्यांची प्रत्येक हरकत, प्रत्येक व्यंजन स्वच्छ ऐकू आले. क्षणभर वाटले, कान सुधारले! ऐकत होती ती आठवण. जिथे कान कमी पडत होता तिथे ती चाळीस वर्षांपूर्वीच्या साठ्यातून भर घालत होती, आणि इतक्या सफाईने की सांधा दिसू नये. जुने गाणे मला माझ्या कानांविषयी खरे सांगत नाही. ज्याची आठवणच नाही असे गाणे मात्र काही लपवू शकत नाही. जे पोहोचले ते पोहोचले, बाकीच्या जागी कोरे. म्हणून नवे हवे.

या सहामाहीत सर्वांत मोठ्या आवाजात आले ते अर्थातच ‘सैराट’. चित्रपट २९ एप्रिलला लागला आणि जूनपर्यंत आमच्याकडची एकही वरात ‘झिंगाट’वाचून निघाली नसेल. त्या गाण्याला मी नावे ठेवणार नाही. शरीराला हलवणे हे गाण्याचे फार जुने काम आहे आणि अजय-अतुल ते काम प्रामाणिकपणे करतात. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याही बरगड्यांत हे गाणे वाजते. मात्र ज्या डॉल्बीच्या भिंतींवरून ते वाजवले जाते, त्या भिंती समोरून जात असताना तुम्ही कानांवर हात ठेवा, मुलांना आत घ्या. हे मागावर कान गमावलेल्या माणसाचे सांगणे आहे.

मला स्वतःला ‘याड लागलं’ अधिक जवळचे वाटते. या चित्रपटाच्या संगीतातला पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, याची तेव्हा बरीच चर्चा झाली. करमाळ्याकडच्या उसाच्या आणि केळीच्या रानातले प्रेम, त्याच बोलीतले शब्द आणि त्यामागे एवढा मोठा तंतुवाद्यांचा ताफा! कागदावर हे जुळणारे नाही. ऐकताना मात्र असे वाटते की त्या पोराला आपले प्रेम जेवढे मोठे वाटत असेल, तेवढ्याच मापाचे संगीत त्याला कोणीतरी दिले. गावाकडच्या माणसाच्या वाट्याला बहुधा एक हलगी आणि थोडी थट्टा येते. इथे त्याच्यासाठी शंभर हातांचा वाटावा असा वाद्यवृंद उभा राहिला. व्हायोलिनचा वरचा थर मला विरळ लागतो, पण खालचा चेलो अंगावर घोंगडी घ्यावी तसा येतो.

‘उडता पंजाब’मधले ‘इक्क कुडी’ याच्या अगदी उलट टोकाचे. शिवकुमार बटालवी हा पंजाबी कवी १९७३ साली, ऐन उमेदीत गेला. हरवलेल्या मुलीच्या शोधाची त्याची कविता अमित त्रिवेदींनी थोडक्या साजात बसवली आणि शाहिद माल्या यांनी ती गायली. चित्रपट अमली पदार्थांत बुडालेल्या पिढीचा आहे. त्यामुळे हरवलेली मुलगी कोण, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात पसरत जातो. पंजाबी मला येत नाही, व्यंजने निसटतात. मुलाकडून ती कविता देवनागरीत लिहवून घेतली, शेजारी अर्थ लिहिला आणि कागद हातात धरून गाणे पाच-सहा वेळा ऐकले. कविता अभ्यासण्याची ही रीत तुम्हालाही उपयोगी पडेल. अभ्यास केंद्राकडे जाणाऱ्या एस.टी.तही ती करता येते, फक्त आवाज निम्म्यावर ठेवा.

डेव्हिड बोवी या इंग्रज गायकाचा ‘ब्लॅकस्टार’ हा सात गाण्यांचा संग्रह ८ जानेवारीला, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी प्रसिद्ध झाला. दोनच दिवसांनी तो कर्करोगाने गेला. आजाराची बातमी त्याने लोकांपर्यंत जाऊ दिली नव्हती. साथीला न्यूयॉर्कचे जॅझ वादक आहेत. त्यांतल्या डॉनी मॅकॅस्लिनचा सॅक्सोफोन माझ्या कानाच्या शाबूत भागात नेमका बसतो. शब्द फारसे कळले नाहीत. पण घाई नसलेला, हिशेब पुरा करत चाललेला एक माणूस त्यात आहे, हे कळायला शब्दकोश लागला नाही.

यंदा सर्वांत जास्त वेळा लावले ते अनुष्का शंकर यांचे ‘लँड ऑफ गोल्ड’. घर सोडून समुद्र ओलांडणाऱ्या निर्वासितांच्या विचाराने केलेले हे संगीत आहे. सतारीसोबत त्यात मनु डेलागो या ऑस्ट्रियन वादकाचा हँग आहे. हे वाद्य स्वित्झर्लंडमध्ये अलीकडेच, २००० च्या सुमारास जन्मले. दोन उथळ कढया तोंडाला तोंड लावून ठेवाव्यात असा त्याचा पोलादी आकार, आणि ते बोटांनी वाजवतात. त्याचा गोल, पाण्यातून आल्यासारखा नाद मला पूर्ण मिळतो. सतार मात्र अर्धीच मिळते. तिचे सौंदर्य जवारीत असते. घोडीचा माथा किंचित उतरता घासलेला असतो, तार त्याला निसटता स्पर्श करते आणि मूळ सुराभोवती वरच्या सुरांचा झणत्कार उठतो. आमच्यापासून जवळच, मिरजेत, शिकलगारी सोडून तंबोरे-सतारी करू लागलेल्या घराण्यांचे कारागीर आजही ही जवारी कानाने लावतात. तिथल्या एका दुकानात मी तासन् तास बसलो आहे. कारागीर दोऱ्याने, कानशीने माथा हलकाच दुरुस्त करी आणि विचारी, “आता खुलली ना?” मी मान हलवी. मला दोन्ही वेळा सारखेच ऐकू येई.

माझी पत्नी लग्नाआधी कांड्या भरायला जात असे, पण ती शेडच्या बाहेरच्या पडवीत बसे, म्हणून तिचे कान वाचले. ‘लँड ऑफ गोल्ड’ लावलेले असताना ती भाजी निवडत होती. मध्येच म्हणाली, “अहो, सतारीच्या मागं काहीतरी झिणझिणतंय, येतंय का तुम्हाला?”

“नाही.”

“थांबा, मग मी सांगते.”

तेव्हापासून वहीच्या पानावर मी मधोमध रेघ मारली आहे. डावीकडे मला आले ते, उजवीकडे तिला आले ते. ‘सैराट’पाशी दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या भरल्या आहेत. ‘ब्लॅकस्टार’पाशी तिने फुली मारली आहे, तिला तो आवडला नाही. ‘लँड ऑफ गोल्ड’च्या पानावर डावीकडे ‘हँग’ एवढाच शब्द आहे, आणि उजवीकडे तिच्या तिरप्या अक्षरात साडेपाच ओळी.