मनगटावरचा हवामापक

डोंगर चढणाऱ्यांसाठी बनवलेले घड्याळ उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीच्या कापूसकऱ्याला कशाला? पण भाच्याने प्रेमाने पाठवले, म्हणून मनगटावर बांधले.

त्याला उंचीही कळते, आणि ती मोठी गमतीची! ती हवेच्या दाबावरून निघते. दाब एका हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळ म्हणते, आठेक मीटर चढलात. हवेचा दाब रोज सकाळी १० च्या सुमारास चढलेला असतो, दुपारी ४ ला उतरतो. त्यामुळे आमचे घर दररोज दुपारी वीस-तीस मीटर उंच होते नि रात्री मुकाट्याने खाली येते!

वडिलांच्या घड्याळाला सकाळी किल्ली दिली की भागे. याचे लाड फार. घामाचे मीठ साचू नये म्हणून गोड्या पाण्याने धुवायचे. '५० मीटर' असे कोरलेले असले तरी पाण्यात बटण दाबायचे नाही. होकायंत्र बिघडू नये म्हणून लोहचुंबकापासून दूर ठेवायचे. हवेचे तापमान हवे तर अर्धा तास काढून सावलीत ठेवायचे. एरवी ते आपल्याच अंगाची ऊब सांगते.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर बोंडे फुटून शेत पांढरे झाले होते. एके दिवशी सकाळचे १० वाजले तरी दाब चढेना. मी वेचणीला आणखी बाया बोलावल्या. संध्याकाळपर्यंत अर्धा कापूस घरात आला. रात्री पावसाने उरलेला भिजवला.

घड्याळाला पाऊस कळतो, पण वेचायला माणसांचेच हात लागतात.