देणाऱ्याची डॉक्टर

"माझी घ्या, मला काय धाड भरलीय?" असं म्हणतच ती आत येते. मी 'ती' म्हणते, कारण आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत आया आणि बायकाच जास्त. सोबत नवरा, दीर, एखादी नणंद. प्रश्न तिला विचारला तरी उत्तर दीर देतो. म्हणून तपासणीआधी सगळ्यांना चहाला पिटाळायचं.

तपासण्या तशा अवघड नाहीत. क्रॉसमॅच, चोवीस तासांची लघवी, ग्लुकोज पाजून साखर, डीटीपीए स्कॅन, सीटी अँजिओ. घरच्यांना वाटतं, मॅचिंग जुळलं की काम झालं. पण मॅचिंग रुग्णासाठी. मला बघायची असते ती मागे राहणारी किडनी. दोन्हींचं काम वेगवेगळं मोजतात. एक उणी निघाली तर उणी जाते, चांगली तिच्याकडेच राहते. वैद्यकातला इतका सभ्य नियम मला दुसरा माहीत नाही. दोन्ही सारख्या असतील तर सहसा डावी घेतात. तिची शीर लांब, जोडायला सोयीची.

पन्नाशीतल्या बाईचा रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात असेल, तर पुढचा विचार करता येतो. मी अडते ती पंचविशीपाशी. रिपोर्ट लख्ख, पण आई-वडील दोघांनाही मधुमेह. हिला पुढची पन्नास वर्षं एका किडनीवर काढायची आहेत, आणि रिपोर्ट फक्त आजपर्यंतचं बोलतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात आयुष्यभरात किडनी निकामी होण्याचा अंदाज दात्यांमध्ये दहा हजारांत ९० निघाला, तर तितक्याच धडधाकट पण किडनी न दिलेल्यांत १४. धोका लहानच, पण तो तिच्या वाट्याचा. शिवाय पुढच्या बाळंतपणात रक्तदाब वाढण्याची भीती. हे सासूसमोर सांगितलं तर न सांगितल्यासारखंच.

अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याचा रोख किडनीच्या बाजारावर. परका दाता असेल तर प्रकरण प्राधिकार समितीपुढे जातं. आई, बायको, बहीण असली तर रुग्णालयाच्या पातळीवरच बहुधा निभावतं. माझा संशय नेमका उलटा. परक्याला दिलेले पैसे दिसतात, घरच्यांचा दबाव कागदावर येत नाही. दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्या, तिची संमती स्वतंत्रपणे पडताळा, असं २०१४ च्या नियमांत आहे खरं. पण ते पाळायचं म्हणजे दार लावून घ्यायचं आणि गप्प बसायचं. बऱ्याच वेळाने एखादी म्हणते, "मॅडम, नकोय मला. पण घरी कसं सांगू?" मग मी लिहिते, 'दाता म्हणून योग्य नाही.' कारण बाहेर कुणाला सांगत नाही. हे खोटं आहे असं काही सहकारी म्हणतात. मला नाही वाटत. जबरदस्तीने टेबलावर चढलेलं माणूस योग्य कसं?

२३ डिसेंबर १९५४ ला बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण केलं. जुळ्या हेरिक भावांपैकी देणाऱ्या रोनाल्डने आधीच विचारलं होतं, पुढे माझ्या तब्येतीची जबाबदारी रुग्णालय घेणार का? प्रश्न अजून तसाच आहे. रुग्णाला आम्ही महिन्याच्या महिन्याला बोलावतो. दात्री टाके निघाले की घरकामात गडप होते. तिची फाइल आता मी वेगळी करते, तिच्या नावाची. वर्षातून एकदा क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, रक्तदाब. आणि फोन नंबर तिचा घेते, नवऱ्याचा नाही.