उफणणी

एप्रिलमध्ये आमच्या गोराई दोनच्या गच्च्या भरून जातात. ऊन तापायच्या आत प्लास्टिकचा कागद अंथरायचा, त्यावर जुनं स्वच्छ धोतर, चार कोपऱ्यांना चार विटा, आणि मग सोऱ्यातून कुरडया पडू लागतात. शेजारच्या काकूंचा हात यात इतका बसलेला, की शंभर घातल्या तरी एकीचा वेढा दुसरीपेक्षा मोठा होत नाही. तीन वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी मी खाली माझ्या खोलीत सागाच्या फळ्या चिरत होतो. खिडकी सताड उघडी, दार उघडं, दुपारचं वारं भरात. संध्याकाळी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात ताट, ताटात चार कुरडया, आणि त्यांच्या प्रत्येक खाचेत तपकिरी भुकटी बसलेली. "झटकून जात नाही रे," एवढंच म्हणाल्या. आवाज जराही चढला नाही, तेच मला लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी वाळवण चारकोपला जावेच्या गच्चीवर नेलं.

गोराईत वाऱ्याची वेळ ठरलेली. खारे वारे आणि मतलई वारे आम्ही शाळेत पाठ केले, पण ते पुस्तकात शिकायची आम्हाला गरज नव्हती. ऊन चढलं की खाडीकडून खारं वारं सुटतं, दिवेलागणीपर्यंत वाहतं आणि रात्री उलटं फिरतं. लहानपणी कचऱ्याचा डोंगर कुठे आहे हे हेच वारं सांगायचं. या शतकाच्या पहिल्या दशकात तो डोंगर बंद झाला, त्यावर माती पडली, गवत उगवलं. वारं मात्र तेच राहिलं, आणि त्याच्याच भरवशावर मी सुतारकाम करत होतो. उडालेला भुसा ते घेऊन जायचं. ते कुणाच्या घरी नेऊन टाकतं, हे पाहायला मी कधी गच्चीवर गेलो नव्हतो. काकूंचं घर आमच्या पूर्वेला आहे.

ही वसाहत 1985 साली जागतिक बँकेच्या कर्जातून सुरू झालेल्या प्रकल्पातली. म्हाडानं रस्ते, नळ, गटारं घालून लहान लहान भूखंड आखून दिले आणि घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे बांधायचं असं ठरलं. म्हणून गल्लीतलं एक घर दुसऱ्यासारखं नाही. आमचं घर वडिलांनी साताऱ्याकडचा जमिनीचा तुकडा विकून बांधलं. तळमजल्याची दहा बाय चौदाची खोली त्यांची होती. त्यांच्यामागे ती माझी झाली, आणि तिच्यात आधी एक रंधा आला, मग करवती, पटाश्या, गुण्या, मग राऊटर, आणि शेवटी टेबलाखालून पातं वर येणारी कापणी मशीन.

वडील लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. कापूस पिंजून, विंचरून त्याचा पेळू करणारं हे खातं, आणि तिथल्या हवेत कापूस कधी खाली बसतच नसे. ते पाळीवरून आले की आई आधी त्यांना चाळीच्या गॅलरीत थांबवायची, सदरा उतरवून घ्यायची आणि कठड्याबाहेर धरून झटकायची. रविवारची सुट्टी घेऊन सोमवारी कामावर गेले की त्यांची छाती आवळून यायची. मंगळवारी जरा सैल, गुरुवारपर्यंत बरं, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. डॉक्टरांच्या पुस्तकात या दुखण्याला बिसिनोसिस म्हणतात आणि सोमवार हीच त्याची खूण सांगतात. आमच्या घरात त्याला नुसतं 'सोमवार' म्हणत. "आज सोमवार जास्त आहे," असं आई म्हणायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. महिने गेले, पगार थांबला, घरातलं एकेक भांडं बाजाराची वाट धरू लागलं. आणि त्याच दिवसांत सोमवार आला तरी वडिलांची छाती आवळेनाशी झाली. नवऱ्याला रात्रभर शांत झोप लागते याचं सुख आणि चूल कशी पेटवायची याचा घोर, दोन्ही आईनं एकाच उशीवर डोकं ठेवून भोगलं.

कुरडयांचा प्रकार घडला त्या रात्री मी जेवायला वर गेलो तर तिनं मला उंबऱ्यातच थांबवलं. माझा सदरा उतरवून घेतला आणि जिन्याच्या कठड्याबाहेर झटकला. "त्यांचा पांढरा व्हायचा, तुझा पिवळा होतो, एवढाच फरक."

भुसा हा आपल्याकडे कधी शत्रू नव्हता. मुंबईच्या कितीतरी चाळींचा स्वयंपाक भुशाच्या शेगडीवर झाला. मधे बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढून घ्यायची आणि खालच्या तोंडाला काडी लावायची. बर्फाची लादी भुशात गुंडाळून यायची. फळीला भेग पडली तर सुतार त्याच लाकडाचा भुसा सरसात कालवून ती बुजवतो. त्यामुळे भुसा वाईट असेल हे मनाला पटायला वेळ लागला. पुढे कळलं की पायाखाली पडतो तो भुसा वाईट नाहीच, पडत नाही तो वाईट.

माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. 10 मायक्रॉनच्या आतला कण डोळ्याला दिसत नाही आणि नाकाला पुरता अडवता येत नाही. 1 मायक्रॉनचा कण तर स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून जमिनीला टेकायला अर्ध्या दिवसाहून जास्त वेळ घेतो. म्हणजे रात्री काम संपवून, झाडून, दिवा घालवून मी वर जायचो तेव्हा त्या संध्याकाळची फळी अजून खोलीत तरंगत असायची. सकाळी चहाचा कप घेऊन मी तिथेच बसायचो, स्वच्छ खोलीत बसलो आहे या समजुतीनं.

इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या करणाऱ्यांचं गाव. तिथे एस्मी हॅडफिल्ड नावाच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई होत्या. नाकाच्या पोकळीतला एक अगदी विरळा कर्करोग आपल्याकडे येणाऱ्यांत वारंवार का दिसतो, या विचारात त्या पडल्या आणि रोग्यांना कामधंदा विचारू लागल्या. बहुतेक जण फर्निचरचे कारागीर निघाले. ऑक्सफर्डच्या डॉक्टरांबरोबरचा त्यांचा अभ्यास 1968 साली छापून आला. 1995 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाच्या धुळीला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत घातलं. मला मात्र त्या बाईंचं रोग्याला कामधंदा विचारणंच मोठं वाटतं. वडिलांना दवाखान्यात तो प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

धूळ उडताच ओढून घ्यायचा माझा पहिला प्रयत्न फसला. नागदेवी स्ट्रीटवरून 1200 वॉटचा कारखान्यात वापरतात तसला व्हॅक्यूम आणला. तो आणि मशीन यांच्यामध्ये डिस्टेंपरची 20 लिटरची रिकामी बादली ठेवली, झाकणावर हवेतला भुसा वेगळा करणारं प्लास्टिकचं लहानसं सायक्लोन बसवलं. दोन दिवस सगळं झकास. तिसऱ्या दिवशी एक ढलपी नळीच्या तोंडाला आडवी बसली. मोठा फटका ऐकू आला आणि वळून पाहतो तर बादलीच्या कुशी आत गेलेल्या, झाकणाची खळगी झालेली. मागाहून कागदावर हिशेब मांडला. नळी बंद झाली की असला व्हॅक्यूम हवेच्या दाबाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी ओढ लावतो. 30 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर ते ओझं 140 किलोच्या आसपास भरतं. दोन माणसं एकदम झाकणावर उभी राहावीत तसं. बादली बिचारी काय करणार! आणि एवढी ओढ असूनही कापणी मशीनची धूळ उडत होती ती होतीच, कारण व्हॅक्यूम म्हणजे शहाळ्यात घातलेली स्ट्रॉ. जोर खूप, पण येते ती घोटभर हवा. पातं मिनिटाला हजारो फेरे घेत धूळ भिरकावतं, तिच्यामागे धावायला हवेचा लोंढा लागतो.

तो लोंढा आणायला 2 अश्वशक्तीचा ब्लोअर घेतला आणि खोलीच्या भिंतीनं 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप फिरवला. हा पाइप सांडपाण्याचा. दुकानदारानं संडास कितव्या मजल्यावर काढताय म्हणून विचारलं. लाकडाची धूळ पाइपात बसू न देता वाहून न्यायची तर हवा सेकंदाला सुमारे 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर वेगानं जावी लागते. आपलं हवामान खातं ताशी 62 किलोमीटरच्या पुढे चक्रीवादळ म्हणतं. माझ्या भिंतीवरच्या त्या राखाडी नळीत रोज तेवढं वारं असतं, आणि चार मिनिटांत ते खोलीभरची हवा गिळून होतं. पण त्या वाऱ्याला वळणं सोसत नाहीत. काटकोनात एक वळण दिलं की कित्येक फूट सरळ पाइप वाढवल्याइतका जोर मरतो. म्हणून प्रत्येक कोपऱ्यात 45 अंशांची दोन वळणं आणि मधे वीतभर सरळ तुकडा घातला. फाटा काढायचा तिथे टी नको, वाय. प्रत्येक मशीनच्या तोंडाशी प्लायची सरकती झडप, कारण एका वेळी एकच तोंड उघडं ठेवलं तर पुरेशी ओढ मिळते. डिसेंबरच्या कोरड्या हवेत पाइपाला हात लागला की चटका बसायचा, तेव्हा उघडी तांब्याची तार गुंडाळून ती अर्थिंगला जोडली. पावसाळ्यात तो त्रास मुळीच नसतो.

मधे उभं केलं ते मोठं सायक्लोन. वर गोल नळकांडं, खाली निमुळतं होत गेलेलं नरसाळं, त्याखाली पत्र्याचा पिंप. हवा कडेनं तिरकी आत शिरते आणि गरगर फिरू लागते. जड भुसा भिंतीकडे फेकला जातो, घसरत घसरत पिंपात पडतो. हलकी झालेली हवा मधल्या नळीनं वर निघते आणि घड्यांच्या कापडी फिल्टरमधून गाळून खोलीत परत येते. हा फिल्टर 1 मायक्रॉनपर्यंतची धूळ धरतो, आणि सगळ्या खर्चात मी इथेच हात आखडला नाही. या युक्तीचं पेटंट जॉन फिंच नावाच्या अमेरिकन माणसानं 1885 साली घेतलं. आमच्या घरात मात्र ती पाहताक्षणी ओळखली आईनं. मी पारदर्शक नळी लावलेल्या जागी तिला बोलावलं, मशीन चालू केली. आत भुशाचा पिवळा वेढा फिरत खाली उतरताना तिनं पाहिला आणि म्हणाली, "ही तर उफणणी."

तिच्या लहानपणी, साताऱ्याकडे, ज्वारीचं खळं व्हायचं. तिचे वडील वावडीवर उभे राहून सूप कलतं करायचे. दाणा सरळ पायाशी पडायचा, भुसा वाऱ्याबरोबर लांब जाऊन पडायचा. वारा पडला की सगळे थांबायचे आणि मोठा झाला तरी थांबायचे, कारण मोठ्या वाऱ्यात दाणाही जातो. लाकडाचा तो भुसा आणि धान्याचाही भुसाच, आपल्या भाषेनं दोन्हींना एकच नाव दिलं आहे. माझ्या मशीनमध्ये फरक इतकाच, की इथे पायाशी पडतो तोच भुसा, आणि लांब जाऊ पाहतं ते त्याहून हलकं, ज्याला आपण नावच दिलेलं नाही. आईच्या बोलण्यातून माझी एक चूकही उमगली. मला वाटायचं पिंप काठोकाठ भरू द्यावा. पण भुसा नरसाळ्याच्या तोंडापर्यंत चढला की फिरतं वारं त्यालाच पुन्हा उचलतं आणि सगळा फिल्टरवर नेऊन घालतं. खळ्यातही रास पुढ्यात साचू द्यायची नसते, बाजूला ओढत राहायची असते. आता पिंप दोन तृतीयांश झाला की मी रिकामा करतो. सागा-आंब्याचा वेगळा, प्लाय आणि एमडीएफचा वेगळा, कारण या दुसऱ्यात डिंकातलं रसायन असतं. तो ना चुलीत घालायचा, ना कुंडीत.

सांधे नीट बसलेत का हे उदबत्तीनं कळतं. पंखा बंद, खिडकी बंद, ब्लोअर चालू. उदबत्ती पेटवून पाइपाच्या एकेका जोडापाशी धरायची. हवा कुठे चोरून आत जात असेल तर धुराची रेघ तिकडे वळते. अकरा जोडांपैकी दोन ठिकाणी ती वळली, तिथे सिलिकॉन भरलं. मग उदबत्ती पात्याशेजारी नेली. धूर एक क्षण वर चढला, थबकला, आणि टेबलाच्या फटीतून सरळ खाली गेला. मी तीनदा, चारदा तेच करून पाहिलं.

आमच्या गच्चीवरून खाडीपलीकडे विपश्यनेच्या पॅगोड्याचा सोनेरी कळस दिसतो. 2009 साली तो खुला झाला. त्याच्या घुमटाखाली एकही खांब नाही आणि आठ हजार माणसं एकदम बसू शकतात. तिथे पहिला धडा म्हणजे नाकपुडीच्या दाराशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष देणं. वडील शेवटच्या वर्षांत जेट्टीवरून लाँचनं एकदा पलीकडे जाऊन आले. परत आल्यावर म्हणाले, "श्वासाकडे बघायला सांगतात. मी तर गिरणीत रुजू झालो तेव्हापासून बघतोय."

नवी व्यवस्था बसून वर्ष झालं. तरी कापताना मी मुखपट्टी लावतो आणि काम थांबल्यावर ब्लोअर आणखी पंधरा मिनिटं चालू ठेवतो. दुपारी उन्हाचा कवडसा खोलीत येतो तेव्हा त्यात कण दिसतातच. पण पूर्वी तो कवडसा हातानं धरता येईल असा घट्ट दिसायचा, आता पलीकडची भिंत दिसते.

या एप्रिलमध्ये एका सकाळी मी चौरंगाचे पाय कापत होतो. दुपारी वारं सुटलं. काम आटोपून गच्चीवर गेलो तर पलीकडे प्लास्टिकचा कागद अंथरलेला, त्यावर धोतर, चार कोपऱ्यांना चार विटा. आमच्या बाजूच्या कठड्याला लागून. मी काही बोललो नाही, वाकून कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

"बघतोस काय," काकू पलीकडून म्हणाल्या. "मी सकाळपासून तीनदा बघितलं." आणि कठड्यावरून वाटी पुढे केली. वाटीत गरम चीक होता, वर साखर आणि तूप.