पैकीच्या पैकी गुण

मी एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. डिस्चार्जच्या वेळी रुग्णांकडून अभिप्रायाचा फॉर्म भरून घेण्याचं काम आमच्या विभागाकडे असतं. डॉक्टरांचं वागणं, सिस्टरांची काळजी, स्वच्छता, जेवण, बिलिंग अशा प्रत्येक गोष्टीला पाचपैकी गुण द्यायचे. एनएबीएचचं रुग्णालयाच्या गुणवत्तेचं मानांकन टिकवायचं तर अभिप्राय घ्यावाच लागतो. महिन्याच्या बैठकीत वॉर्डनिहाय सरासरी पडद्यावर येते आणि बहुतेक वेळा जनरल वॉर्ड सगळ्यात वर असायचा, डीलक्स खोल्या तळाला.

आमचा जनरल वॉर्ड ज्याने पाहिलाय त्याला याचं नवल वाटेल. सर्जन तेच, औषधं तीच, ऑपरेशन थिएटरही तेच. पण रात्री एकाच सिस्टरकडे सगळा वॉर्ड असतो, सकाळी संडासाला रांग लागते, पंख्याखालच्या खाटेवरून नातेवाइकांत कुरबुर होते. तरीही पाचपैकी पाच.

मराठवाड्यातून आलेले एक आजोबा आठवतात. हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवाव्या लागतात, त्यातल्या एका खाटेवर ते होते. वाचता येत नव्हतं, म्हणून मी प्रश्न वाचून दाखवत होते. "पाच लिवा ताई, देवमाणसं हायेत समदी," हेच उत्तर शेवटपर्यंत. अंगठा उठवायला त्यांनी हात पुढे केला, तेव्हा तो मनगटापासून कोपरापर्यंत सुजलेला दिसला. सलाईन शिरेबाहेर गेलं होतं. रात्रभर ठणकत होतं म्हणाले. मग हाक का नाही मारली? "सिस्टरबाई एकल्याच व्हत्या. पल्याडचं पोरगं लई सिरीयस. त्यांना कुटं हाक मारावी?"

मी डॉक्टरांना बोलावलं, हाताला ग्लिसरीन-मॅगसल्फची पट्टी बांधून घेतली आणि सिस्टरांचे गुण बदलायचे का असं आजोबांना विचारलं. ते घाबरलेच. "नगं ताई, त्यांच्या नोकरीवर येईल."

त्याच सुमारास डीलक्समधल्या एका बाईंनी डॉक्टरांना पाचपैकी दोन दिले. बँकेत अधिकारी होत्या. फॉर्मच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं होतं, अँटिबायोटिक बदललं, कशासाठी ते कोणी सांगितलं नाही. बैठकीत सूर निघाला की पैसे मोजणारी माणसं कुरकुर करणारच. मला हे अजिबात पटत नाही. औषध का बदललं हे आमच्याकडे जनरल वॉर्डातही सांगत नव्हते. फरक इतकाच की ते विचारण्याचा आपल्याला हक्क आहे, हे त्या बाईंना माहीत होतं.

हे आमच्यापुरतंच नाही. अमेरिकेत सरकारच्या पुढाकाराने रुग्णांचं एक राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. एचकॅप्स त्याचं नाव. २००८ पासून त्याचे निकाल रुग्णालयागणिक जाहीर होतात. तिथेही वयस्कर रुग्ण जास्त गुण देतात, जास्त शिकलेले कमी देतात आणि स्वतःची तब्येत बरी नाही असं सांगणारेही कमी देतात. म्हणून निकाल लावण्याआधी वय, शिक्षण, तब्येत, घरी बोलली जाणारी भाषा, प्रसूती की शस्त्रक्रिया, हे सगळं धरून आकडे दुरुस्त करतात. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये आपल्याच देशातलं असं उदाहरण मांडलं होतं. आयुर्मान आणि साक्षरतेत पुढे असलेल्या केरळमध्ये आपण आजारी आहोत असं सांगणाऱ्यांचं प्रमाण बिहारपेक्षा कितीतरी जास्त. ज्याला दुखणं ओळखता येतं तोच ते सांगतो.

आकड्यांची दुरुस्ती दोन रुग्णालयांची तुलना करताना न्याय्यच आहे. पण तिने आजोबांचा सुजलेला हात कुणाला दिसत नाही. त्यासाठी प्रश्नच बदलावे लागतात. एचकॅप्सची एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. बरेचसे प्रश्न "कसं वाटलं" असे नसून "किती वेळा झालं" असे आहेत: कधीच नाही, कधी कधी, बहुतेक वेळा, नेहमी. आभार मानायला आलेल्या माणसालाही अशा प्रश्नाला घडलं तेच सांगावं लागतं.

मी पाठपुरावा करून जनरल वॉर्डचा फॉर्म तसा करून घेतला. रात्री हाक मारली तेव्हा कोणी आलं का? हाक मारावीशी वाटली, पण मारली नाही, असं झालं का? नवीन गोळी कशासाठी, ते कोणी सांगितलं? हे प्रश्न आता वॉर्डात सिस्टरांसमोर विचारत नाही. रुग्ण घरी गेल्यावर आमच्या विभागातून फोन जातो. खाटेवर असताना माणूस मिंधा असतो, आणि मोफत खाटेवर तर फारच. बाळंतिणीच्या फोनवर सासूबाईच बोलायला लागल्या, तर "ताईंना द्या जरा" असं आम्ही आग्रहाने म्हणतो. कॅशलेस विमावाल्यांनाही घरी फोन केलेला बरा पडतो. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या मध्यस्थाच्या, मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत ताटकळलेला माणूस तो सगळा राग सिस्टरांच्या रकान्यात काढतो.

जनरल वॉर्डचा आकडा आता खाली आला आहे. सिस्टर नाराज झाल्या, आणि मला त्यांची बाजू कळते. दोष एकट्या सिस्टरचा नाही, तिच्यावर सोडलेल्या खाटांचा आहे. हाक मारावीशी वाटूनही न मारलेल्या रुग्णांची उत्तरं जोडून, रात्रपाळीला आणखी एक सिस्टर द्या, असा प्रस्ताव नर्सिंग अधीक्षकांनी आणि मी मिळून व्यवस्थापनाकडे दिला आहे. निर्णय व्हायचा आहे.