दादांची येझदी

वानप्रस्थाच्या वयात मनुष्याने कोणता नाद करावा याविषयी शास्त्रकारांनी फारसे काही सांगितलेले नाही. तेव्हा आमच्यासारख्या पेन्शनर शिक्षकाने पन्नाशी उलटलेली मोटारसायकल उकलून बसावे यास कोणाची हरकत असू नये, असे आम्हांस वाटत होते. हरकत निघाली ती घरातूनच, आणि ती अगदी योग्य होती. परंतु ते मागाहून सांगू.

गाडी येझदी, 1975 सालची. तिचे कूळ चेकोस्लोव्हाकियातील. यानेचेक हा तेथील कारखानदार व वांडरर ही जर्मन कंपनी यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून 1929 मध्ये ‘जावा’ हे नाव सिद्ध झाले. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 च्या सुमारास ती आपल्या देशात बांधण्यास आरंभ केला. 1973 पासून टाकीवर ‘येझदी’ हे नाव आले. आणि 1996 मध्ये तो कारखाना बंद पडला. 2018 व 2022 मध्ये ही दोन्ही नावे बाजारात पुनश्च अवतरली खरी, पण नव्या गाड्यांची एंजिने फोर-स्ट्रोक. नाव तेच, पिंड निराळा.

हा पिंडभेद समजून घेण्यासारखा आहे. फोर-स्ट्रोक एंजिनास श्वास घेण्या-सोडण्यासाठी झडपा लागतात. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन हाच द्वारपाल. तो खाली उतरला की सिलिंडरच्या भिंतीतील छिद्र मोकळे होऊन जळका वायू निघून जातो, आणि लगोलग खालच्या क्रँकपेटीत दाबून ठेवलेले नवे मिश्रण दुसऱ्या वाटेने वर चढते. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एक स्फोट! जोसेफ डे या इंग्रज गृहस्थाने 1891 मध्ये ही युक्ती काढली. आमचा जन्म संस्कृत शिकविण्यात गेला. वैयाकरणांचे लाघवाचे वेड आम्हांस परिचित आहे, आणि या यंत्रात आम्हांस तेच दिसले. मात्र लाघवाचे मोल द्यावे लागते. क्रँकपेटी मिश्रणाने अडविल्यामुळे तेथे वंगण साठविता येत नाही. म्हणून दर लिटर पेट्रोलात 40 ते 50 मिलिलिटर तेल मिसळावयाचे, आणि ते पेट्रोलाबरोबरच जळावयाचे. शिवाय नव्या मिश्रणाचा काही अंश न जळताच जुन्याबरोबर बाहेर पडतो. तो निळा धूर व तो वास येतो तो यामुळे.

गाडी आमच्या थोरल्या बंधूंची. ते धुळ्यास असत. ते गेल्यावर ती बारा वर्षे ओसरीत पोत्याखाली उभी होती. जुने घर पाडण्याचे ठरले तेव्हा पुतण्या म्हणाला, भंगारवाल्यास देऊन टाकू. वहिनी आम्हांस एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, कागद मी ट्रंकेत जपून ठेवले आहेत. तुम्ही न्या.” टेंपोत घालून आम्ही ती जळगावास आणली.

मेस्त्री जुन्या पिढीचे. एंजिन उतरविले, तो पिस्टन चिकटलेला. रॉकेल भरून चार दिवस वाट पाहिली. हातोडा उचलू दिला नाही. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन व नव्या रिंगा घातल्या. क्रँकचे ऑइल सील वाळून कवडीसारखे कठीण झाले होते. हे सील बिघडले की कोठे हवा आत शिरते, कोठे गिअरपेटीचे तेल ओढले जाऊन पांढरा धूर निघतो. बाहेरून मनुष्य कार्बोरेटरलाच दोष देत बसतो. सायलेन्सरांतील काजळी कॉस्टिक सोड्याने काढली. गाडीत किक व गिअर यांची दांडी एकच. आत दाबून मागे फिरविली की किक, पुढे पाडली की गिअर. आमच्या नातीला या सामासिक दांडीचे फार कौतुक.

टाकीला डाव्या बाजूस एक मोठा पोचा होता. मेस्त्री म्हणाले, ठोकून सरळ करतो. आम्ही वहिनींस फोन केला. 1981 साली पारोळ्याजवळ दादा, वहिनी व कडेवरचे मूल असे तिघे पडले होते; मूल सुखरूप राहिले, वहिनींचे मनगट मोडले. ती गाडी वहिनींस कधीच आवडली नव्हती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “पोचा राहू द्या. गाडी त्यांची, पण तो पोचा माझा आहे.” तो राहिला.

आता हरकत. नातीस दम्याचा त्रास आहे. पहिल्यांदा गाडी अंगणात सुरू झाली त्या रात्री तिला खोकला सुटला. सूनबाई शांतपणे म्हणाल्या, “अप्पा, गाडी राहू द्या, पण धूर घरात नको.” कमी धुराचे तेल मिळते, ते आम्ही आणले, तथापि धूर दिसेनासा झाला म्हणजे दोष गेला असे नव्हे. म्हणून नियम केला : गाडी ढकलत गल्लीबाहेरच्या मोकळ्या मैदानापर्यंत न्यावयाची, तेथेच किक मारावयाची, आणि महिन्यातून दोनदाच. सदुसष्टाव्या वर्षी हे ढकलणे हेच आमचे प्रायश्चित्त व हाच व्यायाम. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी 2021 पासून निराळी नोंदणी निघाली आहे, पण ती घेतल्यास गाडी प्रदर्शनापुरतीच उरते. आम्ही नेहमीचीच नोंदणी पाच वर्षांसाठी वाढविली.

जानेवारीत एके पहाटे धुळ्यास निघालो. गिरणा ओलांडली, एरंडोल गेले, पारोळ्याच्या किल्ल्याशी ऊन आले. सुमारे 90 किलोमीटरचा रस्ता, वेग पंचेचाळिसाच्या पुढे नेला नाही. उतारावर थ्रॉटल मिटून गाडी गिअरातच सोडू नये, हे दादांनीच शिकविले होते. पेट्रोल थांबले की त्यातले तेलही थांबते.

वहिनी भाड्याच्या घराचा जिना उतरून खाली आल्या. पोच्यावर हात फिरविला. “सुरू करा,” म्हणाल्या. त्या लांब, वाऱ्याच्या उलट बाजूस उभ्या राहून ऐकत होत्या. “आवाज जरा जाड आहे, भाऊजी. यांचा असा नव्हता.”

परतल्यावर मेस्त्रींनी उजवा सायलेन्सर उघडला, तो आतील नळीचा स्क्रू सैल होऊन ती मागे सरकली होती.