बारा पूर्णांक सहा

तर मंडळी, गेल्या वीकांताला मी काय केलं? मेढ्याच्या घरी पडवीत बसून एका बॅटरीच्या सहा भोकांत आळीपाळीने हायड्रोमीटर खुपसला. सलग दोन दिवस. बायको म्हणाली, "इथे येऊनही तू डिबगिंगच करतोस." खरंय.

बॅटरी बाबांच्या २०११च्या मारुती ८००ची. साधी, पाणी घालायची, ३५ अँपिअर-अवरची. मागच्या जुलैत एका रात्री आईला धाप लागली. मेढ्याचा पाऊस तुम्ही पाहिला असेल तर तो किती ते सांगायला नको. बाबांनी चावी फिरवली, तर नुसतं टक्-टक्-टक्. शेजारची दोन पोरं छत्र्या टाकून धावली, गाडी उतारावरून ढकलली, दुसऱ्या गिअरवर कशीबशी सुरू झाली आणि २५ किलोमीटरवरच्या साताऱ्याला पोचली. आई बरी आहे. पण मला हे कळलं चार दिवसांनी! "तुला उगाच काळजी", म्हणे.

तर तेव्हापासून ही बॅटरी माझ्या डोक्यात होती. बाबांचं म्हणणं, नवी कशाला, चार्जिंगला लावली की होते ठीक. बाजारातल्या बॅटरीवाल्याने निदान आधीच केलं होतं, "सायेब, एक शेल डाऊन हाय. ॲसिड बदलून देतो, पळंल वरीसभर."

ॲसिड बदलायला मी नाही म्हटलं. बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. आपण भर घालायची ती फक्त डिस्टिल वॉटरची. वरून ॲसिड ओतलं की हायड्रोमीटर खूश होतो, प्लेटा आहेत तशाच राहतात. टेस्ट फेल होते म्हणून टेस्टमधलंच उत्तर बदलण्यासारखं हे. (आमच्या हापिसात असं कुणीही करत नाही. :) )

आत होतं काय, तर बॅटरी उतरताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. लगेच चार्ज केली तर ते परत विरघळतं. पातेल्याला चिकटलेला भात लगेच भिजवला तर निघतो, दोन दिवस वाळला की घासून हात मोडतात, तसंच. सल्फेटचे खडे कडक झाले की तेवढी प्लेट कामातून गेली. आणि आमची गाडी उभीच असते. बाबा रोज सकाळी नेमाने दोन मिनिटं इंजिन चालू करून बंद करतात. त्यात सेल्फने खाल्लेलं जेमतेम भरून निघतं. बॅटरी पूर्ण भरायला काही तास लागतात, दोन मिनिटांत ते व्हायचं नाही.

शनिवारी सकाळी आधी निगेटिव्ह मग पॉझिटिव्ह सोडली. टर्मिनलवरची हिरवट-पांढरी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, पण झाकणं घट्ट लावूनच, सोडा आत जाता कामा नये. व्होल्टेज १२.१. पाच सेल ११८०च्या आसपास, तिसरा ११२०. मग दोन अँपिअरवर सावकाश चार्जिंग, पडवीत, कारण हायड्रोजन सुटतो. आईला तिथे उदबत्ती लावू दिली नाही म्हणून थोडी बोलाचाली झाली. मधे लाईट गेली तीनदा. रविवारी दुपारी पाच सेल १२५५वर, तिसरा ११९०वर अडून बसला. तीन तासांत तसूभर हलला नाही. थोडा वेळ विसावा दिल्यावर व्होल्टेज १२.५.

गाडीला लावली, चावी फिरवली, एका फटक्यात सुरू! बाबा माझ्याकडे असं बघत होते की मी इंजिनिअर झाल्याचं त्यांना पहिल्यांदाच पटलं असावं.

खरं तर मीही तिथेच थांबलो असतो. पण एक मित्र आठवला. तो नोकरी सांभाळून बारामतीच्या धावपट्टीवर विमान चालवायला शिकला. छोट्या सेस्नाच्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटोकडून मिळते. एकदा सुरू झालं की त्याला बॅटरी लागत नाही. बॅटरी लागते ती वर असताना अल्टरनेटर गेला तर, रेडिओ आणि दिवे चालू ठेवायला. म्हणून तिथे नुसतं "सुरू होतं ना?" असं विचारून भागत नाही. बॅटरी पूर्ण भरतात, ठरलेल्या करंटने उतरवतात आणि मिनिटं मोजतात. क्षमता ८० टक्क्यांच्या खाली आली की ती बॅटरी विमानात परत बसत नाही, मग इंजिन कितीही झोकात सुरू होवो.

मग आम्हीही मोजलं. इंजिन बंद करून दोन्ही हेडलाईट लावले. दोन्ही मिळून ११० वॅट, म्हणजे साधारण ९ अँपिअर. धडधाकट बॅटरी अडीच तास तरी सहज काढेल. आम्ही दोघं पायरीवर चहा घेऊन बसलो, मांडीवर मल्टिमीटर. थांबायचं १०.५ला. पहिला अर्धा तास बाबा मजेत होते, जुन्या एसटीच्या बॅटऱ्यांच्या गोष्टी चालल्या होत्या. मग आकडा भराभर उतरायला लागला, तसे ते गप्प झाले.

एक तास पाच मिनिटं.

"म्हणजे चाळीस टक्केपण नाही," मी म्हटलं.

"सुरू तर झाली होती."

"आज झाली, बाबा. तिकडे विमानात ८०ला काढतात."

त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. उठून हेडलाईट बंद केले. "त्या रात्री तुझी आई मागच्या सीटवर होती," एवढंच म्हणाले. मग आतून बॅटरीचं पिवळं पडलेलं वॉरंटी कार्ड घेऊन आले. पाच वर्षं झाली होती तिला. आमच्या कुणाच्याच लक्षात नव्हतं.

सोमवारी सुट्टी टाकली आणि साताऱ्याहून नवी आणली. जुनी दुकानदाराने भंगाराच्या भावात घेतली. शिसं वितळवून पुन्हा वापरतात, वाया जात नाही. बाबांनी तिचं एक झाकण मात्र खिशात टाकलं. कशाला, मी विचारलं नाही.

निघताना म्हणाले, "ते मल्टिमीटर ठेवून जा." दोन मिनिटांचं इंजिन आता बंद. त्याऐवजी दर रविवारी आईला घेऊन साताऱ्यापर्यंत जाऊन यायचं ठरलंय. आईची अट एकच, जाताना कण्हेर धरणापाशी थांबायचं.

काल सकाळी साडेसहाला फोन वाजला. माझ्या पोटात गोळा.

"काय झालं बाबा?"

"काही नाही रे. रात्रभर उभी होती. बारा पूर्णांक सहा दाखवतंय."